दट्ट्यांची पेटी

आमच्या मुलीला शाळेत घातलं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती आणि मी एका कारखान्यात क्वालिटी विभागाचा प्रमुख होतो. यातली कुठली गोष्ट जास्त अडचणीची ठरली, हे माझ्या बायकोला विचारलंत तर उत्तर द्यायला ती क्षणभरही थांबणार नाही.

आम्ही मूळचे नाशिकचे. सिल्वासाला आलो ते माझ्या नोकरीपायी. तिथून जवळच मसाटला प्लास्टिकची झाकणं बनवणारा आमचा कारखाना आहे. झाकणं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. औषधाच्या बाटलीचं झाकण केसभर सैल निघालं तर अख्खी गाडी परत येते, आणि ती ज्याच्या नावाने बोंब मारत येते तो मी. त्यामुळे कुठलीही वस्तू हाती आली की मी आधी ती उलटीपालटी करून बघतो. हॉटेलात चमचा, सासुरवाडीला दाराची कडी. आमच्या लग्नात मी मंगळसूत्र घालायच्या आधी त्याचा फासा दोनदा ओढून बघितला, असं बायको सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

बायको केमिस्ट्रीत एम.एस्सी. मुलगी झाली तेव्हा तिने नोकरी सोडली ती सुटलीच. त्या वर्षी तिला एका रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये पुन्हा काम मिळालं. पहिल्या सकाळी पांढरा कोट घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःकडे ज्या कौतुकाने बघत बसली, तसं तिने माझ्याकडे आजवर बघितलेलं नाही. लॅबवाल्यांनी तिला सुरुवातीला अर्ध्या दिवसाची मुभा दिली होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मात्र पूर्ण शिफ्ट. जमणार नसेल तर आधी सांगा, आम्ही दुसरं माणूस बघू, असंही त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

म्हणजे सगळं येऊन ठेपलं ते मुलीच्या शाळेवर. शाळा मॉन्टेसरी पद्धतीची, एका बैठ्या बंगल्यात भरायची. चालवणाऱ्या बाई गुजराती, पन्नाशीच्या, कायम सुती साडीत, आणि आवाज इतका हळू की ऐकायचं तर आपल्यालाच गप्प व्हावं लागे. सगळे त्यांना बेन म्हणत, मुलंसुद्धा. तिथे संध्याकाळपर्यंत मूल ठेवायची सोय होती. पण बेनची एक अट होती. नवीन मूल आधी फक्त दोन तास. ज्या दिवशी ते आपणहून एखादं काम निवडेल आणि त्यात रमेल, त्या दिवसापासून पूर्ण वेळ.

"काम?" मी विचारलं.

"हां, काम. इथे सगळी पोरं काम करतात ना," बेन म्हणाल्या आणि त्यांनी मला आतली मोठी खोली दाखवली.

मी बघतच राहिलो. एक मुलगा एका छोट्या जगमधलं पाणी दुसऱ्या जगमध्ये ओतत होता. एक मुलगी चिमट्याने राजमा उचलून वाटीत ठेवत होती. चटई अंथरायची, तिच्यावर काम मांडायचं, झालं की जिथलं तिथे ठेवायचं, चटईची गुंडाळी करायची. कोणी कुणावर ओरडत नव्हतं. वस्तू जागच्या जागी ठेवा, एवढं एक वाक्य शॉप फ्लोअरवर बोलून बोलून माझा घसा बसलाय, आणि इथे अडीच-तीन फुटांची माणसं ते न सांगता करत होती. मला भरून आलं. मी तिथल्या तिथे फॉर्म भरून टाकला.

पुढचे तीन आठवडे आमची मुलगी खिडकीत बसली.

रडली नाही, रुसली नाही, कुणाला त्रास दिला नाही. सकाळी नीट गेटातून आत जायची, चपला काढून जोडीने ठेवायची, आणि खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसायची ती साडेदहापर्यंत. मी किंवा बायको, ज्याला जमेल तो घ्यायला जायचा.

"आज काय केलं हिने?" मी रोज विचारायचो.

"आज खिडकीत बसली," बेन रोज सांगायच्या. "बसू द्या ना. ती बघते आहे सगळं. ए पण काम ज छे."

ए पण काम ज छे! म्हणे हेही कामच! आमच्याकडे मशीन तीन आठवडे नुसतं बघत बसलं असतं तर मी मेंटेनन्सवाल्यांना उभं जाळलं असतं. बेनना घाई नव्हती. त्यांच्या कॅलेंडरात एक तारीख नव्हती. इकडे आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात बायकोने त्या तारखेभोवती पेनने गोल केला होता, आणि रोज सकाळी कोट घालताना ती त्या गोलाकडे बघायचं टाळत होती.

पहिला आठवडा असा गेल्यावरच मी प्रश्न माझ्या हातात घेतला. फ्रिजवर मोठा कागद चिकटवला आणि कारखान्यात बिघाडाचं मूळ शोधायला आम्ही काढतो तो माशाच्या काट्यासारखा तक्ता काढला. डोक्याच्या जागी लिहिलं, 'मुलगी काम घेत नाही'. काट्यांवर माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत.

बायकोने कामावरून येऊन पाण्याची बाटली काढता काढता तो वाचला. "यातलं मशीन कोण?" तिने विचारलं.

"ते तसं लिहायची पद्धत असते," मी म्हणालो.

"बरं. मग 'माणूस' या काट्यावर तुझं नाव दिसत नाहीये," असं म्हणून ती आत गेली. मी तो टोमणा समजलो. मूळ कारण समजायला हवं होतं.

त्या रविवारी बदल म्हणून आम्ही वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेलो. जाळीच्या बसमधून सगळे गेलो तर सिंह झाडाखाली आडवा पडलेला. बाकीचे लोक फोटो काढून गप्प बसले. मी मात्र जाळीवर किल्लीने टकटक केलं. एवढ्या लांबून आलोय, निदान मान तरी वर करावी की नाही? ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "ओ भाई, सूवा दो ने एने!" झोपू द्या की त्याला. मुलगी माझ्या मांडीवर होती. तिने माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि स्वतःच्या फ्रॉकच्या खिशात ठेवली. मला वाटलं, खेळतेय.

दट्ट्यांच्या पेटीची कल्पना मला परतीच्या वाटेवर सुचली. ही पेटी शाळेत मी पहिल्या दिवशीच हेरली होती. लांबट लाकडी ठोकळा, त्यात दहा भोकं, आणि प्रत्येक भोकात बसणारा मूठवाला दट्ट्या, एक जाड, दुसरा त्याहून बारीक असे उतरत जाणारे. सगळे बाहेर काढायचे, मिसळायचे, पुन्हा ज्याच्या त्याच्या भोकात घालायचे. माझा तर्क सरळ होता. मुलीला काम येत नाही म्हणून ती ते घेत नाही. घरी सराव करून घेतला की शाळेत आपोआप घेईल. आमच्याकडे नवीन ऑपरेटरला आम्ही असंच तयार करतो.

आमच्या टूलरूममध्ये एक धुळ्याकडचे मिस्त्री आहेत. लेथवर त्यांचा हात असा की नायलॉनचा तुकडा त्यांनी नुसता डोळ्याने मापून कापावा. त्यांना मी चित्र काढून दिलं. त्यांनी चष्मा वर करून ते दोनदा पाहिलं.

"साहेब, टॉलरन्स किती ठेवू?" त्यांनी विचारलं. भोक आणि दट्ट्यात फट किती सोडायची, असं त्यांना म्हणायचं होतं.

"आपला नेहमीचा," मी म्हणालो.

"नेहमीचा?" मिस्त्री म्हणाले. "साहेब, पोरीले खेळाले देणार आहे का डायरेक्ट शिफ्टवर लावणार आहे?"

मी हसलो आणि ड्रॉइंगवर सही केली. चार दिवसांनी पेटी मिळाली. अशी पेटी पृथ्वीवर दुसरीकडे नसेल. पांढरंशुभ्र नायलॉन, दहा दट्टे, आणि फिटिंग इतकं चोख की दट्ट्या भोकावर ठेवला की खालची हवा निघेपर्यंत तो वाट बघायचा आणि मग फुस्स करत सावकाश आपला आपण खाली उतरायचा. चुकीच्या भोकात दट्ट्या जायची सोयच नव्हती, कारण प्रत्येकाच्या बुडाला मी वेगळी खाच पाडून घेतली होती. चूक करायची म्हटलं तरी करता येऊ नये, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पुण्य.

रोज संध्याकाळी चहा झाला की आमचा सराव सुरू व्हायचा. मी मोबाइलवर सेकंद मोजायचो. बरोबर बसलं की म्हणायचो, "ओके." गडबड झाली की, "रिजेक्ट." मुलीला ते फुस्स प्रचंड आवडलं. आठवड्याभरात ती सराईत झाली. दट्ट्या बसला की मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायची, मी ओके म्हणालो की पुढचा उचलायची. बायको दारात उभी राहून एकदा म्हणाली, "ती पेटीकडे बघतच नाहीये रे. तुझ्याकडे बघतेय."

"असू दे. वेळ बघ किती आलाय," मी म्हणालो.

आणि माझं गणित बरोबर निघालं! सोमवारी मी घ्यायला गेलो तर बेन स्वतः गेटवर उभ्या होत्या. "आज तिने दट्ट्याची पेटी घेतली," त्या म्हणाल्या. माझी छाती दोन इंच फुगली. त्याच क्षणी मला त्यांच्या पदरावर एक लाल गोल स्टिकर दिसला. त्यावर माझ्या कारखान्याच्या टपोऱ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'रिजेक्टेड'.

नापास मालावर लावायचे ते स्टिकर. त्यांचा एक रोल कायम माझ्या पँटच्या खिशात असतो. तो दोन दिवसांपासून सापडत नव्हता आणि त्यावरून मी पॅकिंगवाल्यांना झापलंही होतं.

बेननी घडलेलं शांतपणे सांगितलं. मुलगी आली, पेटी घेतली, भराभर दट्टे लावले. प्रत्येक दट्ट्याला मान वर करून बघितलं. ओके कोणी म्हणेना. मग ती उठली, पेटी नीट जागेवर ठेवली आणि राउंडवर निघाली. पाणी सांडणाऱ्या मुलाच्या जगवर एक स्टिकर. एकाचा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा जरा वाकडा होता, त्याच्यावर एक. राजमावाल्या मुलीच्या थेट कपाळावर. ती मुलगी आरशात जाऊन बघून आली आणि तिने भोकाड पसरलं, तिचं बघून आणखी तिघांनी. बेन समजूत घालायला खाली बसल्या, तर त्यांच्या पदरावर.

"माझ्यात काय खोट होती ते विचारलं मी," बेन म्हणाल्या. "ती बोली, बेन हळू बोलते. रिजेक्ट."

मला हसू दाबता येईना आणि लाज तर अशी वाटत होती की कुठे बघावं कळेना. "पण तिने काम तर घेतलं ना?" मी तरीही विचारलं. "म्हणजे आता पूर्ण वेळ..."

"काम तुमी निवडला, भाई," बेन म्हणाल्या. "तिने फक्त केला."

घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. कपाळावरच्या स्टिकरशी आलो तेव्हा ती हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसू ओसरलं आणि पाणी तसंच राहिलं. "मॅनेजर थेट शुक्रवारी भेटतील, अकरा वाजता मी त्यांना सांगून टाकते," ती म्हणाली. "शनिवारी एक तारीख आहे. त्यांना अडकवून ठेवण्यात अर्थ नाही." कोट तिने हँगरला लावला, बाह्या सरळ केल्या. ती भांडली असती तर फार बरं झालं असतं. मी उलट चार वाक्यं बोललो असतो. भांडण नाही म्हटल्यावर मला माझाच राग सहन होईना. साडेतीन वर्षं घरी बसलेल्या बाईची नोकरी मी आठवडाभर रोज संध्याकाळी, अगदी मन लावून, सेकंद मोजत घालवली होती.

गुरुवारी मी बेनकडे माफी मागायला गेलो. जाताना आधीच ठरवलं होतं की सूचना एकही करायची नाही, आणि तरी तोंडातून निघालंच, "असं केलं तर..." बेननी हात वर केला.

"उद्या नऊ वाजता या. दीड तास बसा. नवीन पालकांना आमी बसवतो, तुमाला पहिलेच बसवायचा होता." त्यांनी कोपऱ्यातलं एक बुटकं स्टूल दाखवलं. "बोलायचा नाही. हसायचा नाही. इशारा करायचा नाही. मान पण हलवायची नाही. फक्त बघायचा."

मी म्हणालो, त्यात काय, मी ऑडिटला आठ-आठ तास बसतो.

शुक्रवारी मी त्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसलो. पहिल्या पाच मिनिटांतच मला घाम फुटला. समोर एक मुलगा केळं कापत होता. बोथट सुरीने. एक काप बोटभर जाड, पुढचा कागदासारखा, त्यापुढचा तिरका. एका मुलीचे मोजे उलटे होते. एकाने चटई अशी गुंडाळली की एका बाजूने तुतारी झाली, आणि तो ती तशीच टोपलीत खोचून निघून गेला! मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पाय मात्र आपोआप हलत होता.

मुलगी खिडकीत होती. मी आत आल्या आल्याच तिने मला बघितलं होतं. साडेनऊ झाले. पावणेदहा. माझ्या डोळ्यांसमोर लॅबचं घड्याळ. दहाच्या सुमाराला ती बाकावरून उतरली. दट्ट्यांच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. हो म्हणायला माझी मान खाली यायला निघालीच होती. ती मी कशी अडवली ते मला ठाऊक. तिने पेटीला हात लावला नाही. दोन पावलं पुढे जाऊन पाण्याचे दोन जग असलेला ट्रे उचलला.

ट्रे तिला जड होता. चालताना जग किणकिणत होते. तिने तो टेबलावर ठेवला, भरलेला जग दोन्ही हातांनी उचलला आणि ओतला. पाणी निम्मं दुसऱ्या जगमध्ये, निम्मं टेबलावर, तिथून धार लागून तिच्या पायांवर.

तिने लगेच माझ्याकडे बघितलं.

ती नजर मी ओळखत होतो. आठवडाभर प्रत्येक दट्ट्याला तीच नजर मी झेलली होती, आणि ती कौतुकाची आहे असं समजून खूश होत होतो. भीती होती ती. माझ्या मुलीला माझी भीती वाटत होती, निकालाची, आणि तीन आठवडे खिडकीत ती बहुतेक त्याचमुळे बसली होती, कारण काही केलंच नाही तर काही चुकत नाही. हे मला तिथे, त्या बुटक्या स्टुलावर कळलं. मला उठून तिला उचलून घ्यावंसं वाटलं. काही हरकत नाही गं, असं म्हणावंसं वाटलं. पण तोही शेराच झाला असता. मी मान खाली घातली आणि स्वतःच्या मोज्यांवरची नक्षी बघत बसलो. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

ती थांबली. खूप वेळ थांबली. मला फक्त पाण्याचे थेंब फरशीवर पडताना ऐकू येत होते. बेनही जागच्या हलल्या नाहीत. मग लहान पावलांचा ओला आवाज आला. मी पापण्यांखालून चोरून बघितलं. ती आकड्याला लावलेलं फडकं घेऊन येत होती. आधी तिने जिथे कोरडं होतं तिथे पुसलं. मी जीभ चावली. मग ओल्यात पुसलं, फडकं पिळलं, पिळलेलं पाणी पुन्हा टेबलावर पडलं, ते पुसलं. फडकं वाळत घातलं. आणि परत येऊन जग उचलला.

त्यानंतर तिने आणखी सहा वेळा ओतलं आणि सहाही वेळा सांडलं. चौथ्या वेळी ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. मी तिथे आहे हे ती विसरून गेली होती. खोटं कशाला सांगू, आनंद झाला तसं वाईटही वाटलं.

साडेदहाला बेननी मला हातानेच बाहेर जायची खूण केली. मुलीला कामावरून उठवलं नाही. गेटपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "तिला चार वाजता न्यायला या." मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि धडपडत फोन काढला. अकराला पंचवीस मिनिटं होती.

"तू अजून बोलली नाहीस ना मॅनेजरशी?" मी विचारलं.

"अकराला बोलणार आहे. काय झालं? रडली का?"

"बोलू नकोस. ती पूर्ण वेळ थांबणार आहे. आजपासून. बेननीच सांगितलं."

पलीकडे लॅबमधलं कुठलंसं यंत्र घुरघुरत होतं. "काय केलंस तू?" तिने संशयाने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? काहीतरी केलं असशील."

"खरंच. तिने सगळं पाणी सांडलं आणि मी काहीही केलं नाही."

तिने यंत्र बंद केलं असावं, घुरघुर थांबली.  मग तिचा आवाज आला, अगदी हळू.

"जमलं तुला?"